सिम्युलेशन खेळाचं कव्हर: काम दाखवा, देखावा नको

चरकवाला (धागाकर्ता)

मित्राबरोबर गुऱ्हाळावरचा एक खेळ बनवतोय. ऊस गाळायचा, काहिलीत रस आटवायचा, मळी काढायची, ढेपा पाडायच्या, बाजारात न्यायच्या. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर खेळांच्या ऑनलाइन दुकानात, पान उघडायचं म्हणून कव्हर करायला घेतलं आणि आमच्यात जुंपली. मित्राला हवी आहे संध्याकाळ: उसाचे फड, लांबवर गुऱ्हाळाचा धूर, केशरी आभाळ. चित्र देखणं आहे, वाद नाही. पण दुकानात ते मरणार असं माझं मत.

स्टीमला एका चित्रावर भागत नाही. आडवं हेडर ९२०×४३०, उभं ७४८×८९६, मुख्य कॅप्सूल (दुकानात दिसणाऱ्या चित्राला स्टीम कॅप्सूल म्हणतं) १२३२×७०६ आणि सगळ्यांत छोटी ४६२×१७४. ही छोटी शोधयादीत दिसते आणि तिथून आक्रसत काही ठिकाणी १२०×४५ पिक्सेलवर येते. त्या आकारात मित्राची संध्याकाळ म्हणजे नुसता केशरी डाग.

दुसरं म्हणजे, सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करणारा खेळ, घेणारा माणूस काम विकत घेतो. दिवसभर ऑफिसात काम करून घरी येतो आणि पुन्हा पैसे मोजून ट्रक चालवतो! युरो ट्रक सिम्युलेटर २ च्या कव्हरवर ट्रक आहे. फार्मिंग सिम्युलेटर १९ वर ट्रॅक्टर आहे, तोही खऱ्या जॉन डिअर कंपनीचा. पॉवरवॉश सिम्युलेटरवर फवारा मारणारा माणूस. इथे मला काय करायला मिळणार, हे बघताक्षणी कळतं. म्हणून मला हवी आहे वरून दिसणारी काहील, उकळता रस आणि त्यात फिरणारा लांब दांड्याचा झारा. बस्स.

रंगपेटी

अजिबात सहमत नाही. पोटापाण्यासाठी कव्हरंच काढते, म्हणून सविस्तर लिहिते.

ट्रक, ट्रॅक्टर ही उदाहरणं तुमच्या सोयीची आहेत. ट्रक जगात कुणालाही कळतो. काहील कुणाला कळणार? पोलंडमधल्या गिऱ्हाइकाला ते तपकिरी पाण्याचं पातेलं दिसेल. सूप सिम्युलेटर समजून पुढे जाईल. काम दाखवा हा नियम ओळखीच्या कामालाच लागू पडतो. अनोळखी कामाला आधी जागा दाखवावी लागते, हवा दाखवावी लागते, माणूस आत ओढावा लागतो.

आणि स्टारड्यू व्हॅलीचं काय? एकट्या माणसाने बनवलेला, २०१६ साली आलेला शेतीचा खेळ, नावात सिम्युलेटर नाही, आणि कव्हरवर कुणी घाम गाळत नांगरत नाही. सिटीज: स्कायलाइन्सवर शहर दिसतं, रस्ता आखणारा हात दिसत नाही. लोक तिथे राहायला जातात हो, राबायला नाही.

चरकवाला

@रंगपेटी, स्कायलाइन्सचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. तिथे शहर हेच खेळणाऱ्याने करायचं काम. कव्हरवर झालेलं काम दाखवलंय इतकंच. तुमच्या संध्याकाळीत काय झालेलं दिसतं? सूर्य मावळलेला. तो काय आम्ही मावळवला?

पाटाचं_पाणी

हाहा. पण पातेल्याच्या मुद्द्यावर रंगपेटीताईंना थोडं अडवतो. कोलंबियात पानेला आणि ब्राझीलमध्ये रापादुरा म्हणजे आपला गूळच की. ऊस गाळणं, उघड्या कढईत आटवणं, साच्यात ओतणं, सगळं तेच. तिकडच्यांना काहील एका नजरेत कळेल. पोलंडचं मात्र खरं आहे.

माझी सूचना: वर मोठ्या अक्षरात लिहा, ‘अस्सल कोल्हापुरी गूळ बनवा’. प्रश्न मिटला.

हिशेबनीस

नाही मिटला. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने कव्हरवरचा मजकूर बंद केलाय. खेळाचं नाव आणि अधिकृत उपनाव, एवढंच चालतं. रेटिंगचे तारे, पुरस्काराच्या पानांच्या माळा, कुणाचं कौतुक, ‘५०% सूट’, काहीही नाही. मोठा अपडेट आला की त्याचं नाव तात्पुरतं घालता येतं, तेही जास्तीत जास्त महिनाभर. त्याआधी काही कव्हरं लग्नपत्रिकेसारखी भरलेली असायची, त्यामुळे नियम आला हे बरंच झालं.

म्हणजे काय काम आहे हे शब्दांत सांगायला फक्त नाव उरतं. माझ्या मते या धाग्यात दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडताहेत. छोट्या कॅप्सूलसाठी स्टीमचा स्वतःचा सल्ला आहे की लोगोने जवळपास सगळी जागा व्यापावी. तिथे काहीलही दिसणार नाही आणि संध्याकाळही. दिसेल ते फक्त नाव. लपेटेदार, बारीक रेघांची अक्षरं घेतलीत तर तिथेच खेळ संपला. जाड अक्षरं, मागे एकच रंग. आणि तो रंग गडद निळा नको, कारण स्टीमचं दुकानच गडद निळं आहे, त्यात विरघळून जाल. आणखी एक, खेळ बघणाऱ्याच्या विशलिस्टमध्ये (घ्यायच्या खेळांची यादी) किंवा लायब्ररीत (घेतलेले खेळ) असेल तर बऱ्याच याद्यांत चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर पट्टी येते. नावाचं पहिलं अक्षर तिथे कोंबू नका.

जुना_जॉयस्टिक

अवांतर वाटेल, पण अटारी २६०० या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राच्या खेळांची खोकी आठवा. खेळात चार चौकोन आणि एक रेघ, खोक्यावर मात्र क्लिफ स्पॉनसारख्या चित्रकारांनी रंगवलेली धुमश्चक्री. पोरं खोकं बघूनच अर्धा खेळ मनात खेळायची. तेव्हा कुणी ‘काम दाखवा’ म्हटलं असतं तर खोक्यावर चौकोनच छापावे लागले असते. रंगपेटींना +१.

हिशेबनीस

खोकं हातात घेऊन उलटता यायचं, मागे खेळाची माहिती असायची. शिवाय घरी नेलं की बहुधा ते तुमचंच. आता खेळ घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करतं, २०१५ पासून. चित्रात धुमश्चक्री आणि आत चौकोन असले तर गिऱ्हाईक तासाभरात परत.

रंगपेटी

फसवा असं कोण म्हणतंय? संध्याकाळ खेळात आहे ना? मग फसवणूक कसली?

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ‘काम दाखवा’ या मंत्राने सिम्युलेशनची सगळी यादी एकसारखी झालीय. मधोमध एक माणूस, हातात अवजार, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, मागे दुकान किंवा गॅरेज. दहा कव्हरं शेजारी लावा आणि नावं झाका, कुठला पेट्रोल पंप आणि कुठली बेकरी ते ओळखून दाखवा. त्या रांगेत अकरावे उभे राहिलात तर कोण बघणार? २०१४ च्या गोट सिम्युलेटरने याच गंभीर चेहऱ्याची टर उडवली होती. ट्रॅक्टरच्या जागी बकरी! लोक थांबले ते म्हणूनच.

निशाचर_७

एवढी डोकेफोड कशाला? एआयकडून वीस चित्रं काढून घ्या, आवडेल ते लावा.

चरकवाला

@निशाचर_७, जानेवारी २०२४ पासून एआय वापरलं असेल तर ते स्टीमला सांगावं लागतं आणि पानावर लोकांना दिसतं. ते एकवेळ सोडा. सिम्युलेशन खेळणारी माणसं किती खुसपटं काढतात ठाऊक आहे? आरशाचा आकार चुकला तर पानभर लिहितात. चरकाच्या रुळांत हातभर फट आहे किंवा उसाला मक्याची पानं आलीत असं चित्र लागलं, तर पहिला शेरा खेळ न उघडताच येईल. आणि तो योग्य असेल.

@रंगपेटी, हसणारा माणूस मलाही नकोय. माझ्या चित्रात माणूसच नाही, फक्त झारा.

रंगपेटी

तीच तर चूक! माणूस हवा, हसणारा नको. गुळव्या घ्या. रस उतरवायची वेळ ठरवणारा तोच, एक क्षण चुकला तर आख्खी काहील वाया. चुलवणाचा उजेड खालून तोंडावर, नजर रसावर. कॅमेऱ्याकडे बघायला त्याला फुरसत नाही. हे काम नाही तर काय आहे? पोलंडवाल्याला गूळ कळणार नाही, पण एखाद्या गोष्टीवर डोळा ठेवून बसलेला माणूस कळेल.

पाटाचं_पाणी

हे पटलं. पण १२०×४५ मध्ये गुळव्याचा डोळा म्हणजे अर्धा पिक्सेल, ताई.

हिशेबनीस

म्हणून पुन्हा सांगतो, मापून बघा. गुगल प्लेवर दोन चित्रं एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करायची सोय आहे. स्टीमवर तशी नाही. चित्र किती वेळा दिसलं आणि किती जण पानावर आले हे आकडे मिळतात, पण या आठवड्यात एक चित्र आणि पुढच्या आठवड्यात दुसरं लावलंत आणि मध्येच सेल लागला, तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा ‘सिम्युलेशन’ टॅगच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात आपलं चित्र त्याच मापात चिकटवा, आणि खेळाबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला विचारा, हा कशाचा खेळ आहे. ‘छान आहे’ हे उत्तर धरू नका.

चरकवाला

तेच करतो. काहील आणि गुळव्या, दोन्ही तयार करून इथेच टाकतो. मित्राची संध्याकाळ लायब्ररीतल्या रुंद चित्राला देऊ, ३८४०×१२४०. तिथे नाव-अक्षरं घालायची नसतातच, फडही भरपूर मावेल. त्यालाही बरं वाटेल.

रंगपेटी

लायब्ररीतलं चित्र दिसतं ते खेळ घेऊन झालेल्यांना. म्हणजे संध्याकाळ हद्दपारच केलीत की! मित्राला हा धागा वाचायला द्या आधी.