झोपेत दात खाणं: नाईट गार्ड घ्यावा का? देवगडजवळ कुठे दाखवावं?

हापूसवाली_देवगड
नमस्कार मंडळी. माझे यजमान (वय ४१) झोपेत दात खातात. लग्नापासून थोडंफार होतंच, पण हल्ली पलीकडच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंनाही करकर ऐकू जाते. सकाळी उठले की जबडा आखडलेला असतो, कानशिलं ठणकतात आणि गार पाण्याची चूळ सहन होत नाही. मागच्या महिन्यात काजूगर खाताना खालच्या दाढेचा टवका उडाला, तेव्हा कुठे दवाखान्यात जायला तयार झाले.

आमची हापूसची बाग आहे. मोहोरावर थ्रिप्स (फुलकिडे), मग अवकाळी, मग मजुरांची जुळवाजुळव. हंगामात झोप अशी नसतेच. एका दंतवैद्यांनी नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं आवरण, सांगितला. दुसऱ्यांनी चार दाढांना कॅप बसवायला सांगितल्या. सासूबाईंचं म्हणणं जंतांचं औषध द्या. आणि आमचा सहा वर्षांचा मुलगाही रात्री दात खातो.

ऑनलाइन मिळतो तो गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड चालेल का? रत्नागिरी ते गोवा या पट्ट्यात कुठे दाखवावं? घाबरले आहे, कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

खाडीकाठ
ताई, आमच्याकडेही जंतच म्हणतात. मुलाला शाळेत जंतनाशक दिनाची गोळी मिळते ती जरूर द्या, ती गरजेचीच आहे. पण त्या गोळीने माझ्या मुलीचं दात खाणं थांबलं नव्हतं. मोठी झाली तसं आपोआप गेलं. कॅपचं मात्र आणखी एका डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

दंतवैद्य_सिंधुदुर्ग
हापूसवाली ताई, सविस्तर लिहितो, कारण या त्रासात उपचार घाईने आणि उलट्या क्रमाने होताना मी वारंवार पाहतो.

आधी हे कसं घडतं ते. झोप रात्रभर एकसारखी खोल नसते. ती अधूनमधून उथळ होते, मेंदू काही क्षणांपुरता जागेपणाकडे सरकतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू लयीत आवळायला लागतात. माणसाला यातलं काही आठवत नाही. म्हणून 'तुम्ही दात खाता' असं सांगितलं की बहुतेकांना पटत नाही, आणि घरच्यांचं ऐकणं हाच आमच्यासाठी पहिला पुरावा असतो. पूर्वी असं मानत की वरखालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून हे होतं, आणि त्यासाठी चांगले दात घासून कमी केले जायचे. ते मत आता मागे पडलं आहे. २०१८ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने मांडलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात दात खाणं हा आजार नसून स्नायूंची एक क्रिया आहे. काहींना त्यातून इजा होते, काहींना होत नाही. तेव्हा घाबरू नका. पण तुमच्या यजमानांची दाढ फुटली आहे, डोकं दुखतं आहे, म्हणजे त्यांना इजा होते आहे आणि उपचार हवेत.

घासलेला दात पुन्हा उगवत नाही. एकदा कॅपसाठी कोरलेली दाढही पूर्ववत होत नाही. म्हणून जे मागे घेता येतं ते आधी करायचं. टवका उडालेल्या दाढेचा एक्स-रे काढा, फिलिंगने भागत असेल तर भागवा. बाकी दाढांना खरंच कॅप लागतील का, ते रात्रीच्या चावण्यापासून संरक्षण मिळाल्यावर ठरवता येईल. संरक्षणाशिवाय बसवलेली सिरॅमिकची कॅपही त्याच जोराने फुटू शकते.

नाईट गार्ड दात खाणं थांबवत नाही. तो दातांमध्ये येतो आणि स्वतः झिजतो, एवढंच त्याचं काम, पण ते मोलाचं आहे. दातांचं माप घेऊन बनवलेला, कडक ॲक्रिलिकचा, सगळे दात झाकणारा गार्ड घ्या. गरम पाण्यात मऊ करायचा रबरी गार्ड काही जण उलट जास्त चावतात, आणि त्याची जाडी सगळीकडे सारखी बसत नाही. फक्त पुढचे दात झाकणारा तर महिनोनमहिने वापरूच नये, मागच्या दाढा सरकून चाव बदलू शकतो.

आता गार्डच्या आधीचे प्रश्न, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचे. ते घोरतात का? झोपेत श्वास अडकून दचकतात का? दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का? रक्तदाब आहे का? रात्री छातीत जळजळ होते का? सुपारी, तंबाखू, दारू, उशिराचा चहा? मनाच्या आजारासाठी काही गोळ्या चालू आहेत का? उत्तरं लिहा, मग पुढचं सांगतो.

वेंगुर्ल्याची_माय
गे बाय, माझो घोव ट्रॉलरवर तांडेल. तोय असोच दात खाय, आणि घोरणा तर शेजारच्या घरात आयकाक येय. पुढचा प्रमाण भाषेत लिवतंय, सगळ्यांका कळाक होया.

डॉक्टरांनी हेच प्रश्न विचारले होते. समुद्रावर असताना तपासणी कशी करणार? जून-जुलै मासेमारी बंदीत बोट किनाऱ्याला लागली तेव्हा रात्रभराची झोपेची तपासणी केली. झोपेत श्वास थांबत होता. हवेचं मशीन दिलं, मास्क लावून झोपायचं. पहिले काही दिवस त्यांनी खूप चिडचिड केली, पण मी मास्क काढू दिला नाही. सकाळचं डोकं दुखणं गेलं, दात खाणंही बरंच कमी झालं. गार्ड तरी वापरतातच. तुमचे यजमान घोरत असतील तर ते हलक्यात घेऊ नका.

रत्नांग्रीकर
गोळ्यांबद्दल माझा अनुभव. सरट्रालिन (नैराश्यावरची गोळी) सुरू झाल्यावर माझा जबडा दिवसरात्र आवळलेला राहायचा. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना असं होतं, हे मानसोपचारतज्ज्ञांनीच सांगितलं. त्यांनी डोस बदलला, फरक पडला. कुणीही वाचून स्वतःहून गोळी बंद करू नका, कळकळीने सांगतो. ती गोळी मला हवीच होती.

चाकरमानी_परळ
जबड्यात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात असं मुंबईत ऐकलं. कुणी घेतलंय का?

दंतवैद्य_सिंधुदुर्ग
देतात. गालाचा चावण्याचा स्नायू त्याने सैल पडतो आणि चावण्याचा जोर कमी होतो. असर साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. गार्ड आणि बाकी उपाय करूनही वेदना हटत नसतील तर अनुभवी डॉक्टरांकडून घ्यायचा हा उपाय आहे. सुरुवात त्याने करू नये.

हापूसवाली_देवगड
डॉक्टर, मनापासून आभार. घोरतात, हो. मध्येच गप्प होतात आणि मग मोठा श्वास घेऊन कूस बदलतात, मला वाटायचं दमून झोपलेत म्हणून. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तंबाखू नाही, पण सुपारी दिवसभर तोंडात असते. हंगामात रात्री दहानंतरही चहा होतो. जळजळ कधीतरी. आणि आता लक्ष देऊन पाहिलं तर फवारणी करतानाही दात आवळून धरलेले असतात.

दंतवैद्य_सिंधुदुर्ग
ताई, मग क्रम बदलूया. घोरताना मध्येच गप्प होणं आणि सोबत रक्तदाब, म्हणून आधी फिजिशियन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून झोपेची तपासणी करा. श्वास अडकत असेल तर नुसता वरच्या दातांवरचा गार्ड काही रुग्णांत तो त्रास वाढवू शकतो. अशा वेळी खालचा जबडा जरा पुढे धरणारं वेगळं उपकरणही विचारात घेता येतं. गार्डचं माप देताना दंतवैद्यांना घोरण्याचं सांगाच, त्यांनी विचारलं नाही तरी.

देवगडहून तुम्हाला बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज सोयीचं. गोवा मेडिकल कॉलेजही तिथेच असल्याने दोन्ही कामं एका खेपेत होऊ शकतात. रेल्वेने गेलात तर करमळी स्टेशन जवळ. चिपळूण-दापोलीकडच्या वाचकांसाठी खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय. कॉलेजमध्ये गेलात तर प्रोस्थोडॉन्टिक्स (कॅप, कवळी, गार्ड बनवणारा) किंवा ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांचा) विभाग विचारा.

सुपारी आजपासून बंद करा. दिवसभर राबलेल्या स्नायूला रात्रीही विश्रांती मिळत नाही, आणि सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो हे वेगळं सांगायला नको. जेवताना आणि गिळताना सोडून वरखालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला हलकं टेकलेलं. फवारणीच्या पंपावर रंगीत चिकटपट्टी लावा, ती दिसली की जबडा सैल सोडायचा. जबडा दुखेल तेव्हा कोमट फडक्याने शेक द्या आणि काही दिवस मऊ भात, पेज, शिजवलेल्या भाज्या. कैरी किंवा कोकम सरबत घेतल्यावर लगेच ब्रश करू नका. आंबटाने दाताचं आवरण मऊ पडतं आणि त्यावर घासलं की जास्त झिजतं. पाण्याने चूळ भरा, ब्रश तासाभराने.

मुलाचं: या वयात हे फार सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात जातं. लहान मुलाला गार्ड सहसा देत नाहीत, जबडा वाढत असतो. तो तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, एवढं बघा. तसं असेल तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइडसाठी (नाकामागची गाठ) त्यालाही दाखवा.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. चढ चढताना किंवा ओझं उचलताना जबडा दुखत असेल, सोबत घाम किंवा छातीत दडपण येत असेल, तर ते दातांचं समजून थांबू नका, हृदयाचंही असू शकतं. लगेच जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.

हापूसवाली_देवगड
यांना वाचून दाखवलं. श्वासाचं ऐकल्यावर गंभीर झाले, पुढच्या आठवड्यात बांबोळीला जायचं ठरलंय. गार्ड मिळाला तर त्याची निगा कशी राखायची? आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी धरते.

दंतवैद्य_सिंधुदुर्ग
सकाळी काढल्यावर थंड पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा, उकळतं पाणी कधीही नको, आकार बिघडतो. पेस्टऐवजी हात धुवायचा सौम्य साबण. पुसून, कोरडा करून भोकं असलेल्या डबीत ठेवा आणि डबीही रोज धुवा. तपासणीला जाल तेव्हा गार्ड सोबत न्या. त्यावर उठलेले ओरखडे पाहून रात्री चावणं कुठे आणि किती होतं याचा अंदाज येतो.