ट्रायलवर गेलेली सिस्टर वॉर्डातून पळालेली असते काय?

कर्करोग_सिस्टर (धागाकर्ती)
काल नर्सिंगच्या नोकऱ्यांविषयीच्या चर्चेत एका सदस्याने लिहिले की, क्लिनिकल ट्रायलवर, म्हणजे नव्या औषधाच्या रुग्णांवरील चाचणीच्या कामावर, गेलेली सिस्टर म्हणजे वॉर्डाचे कष्ट टाळून वातानुकूलित खोलीत कागद भरत बसलेली बाई. ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिले, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नऊ वर्षे मेडिसिनच्या वॉर्डात काढली आणि गेली सहा वर्षे कर्करोगाच्या ट्रायलवर आहे. औषध दिल्यानंतर अर्ध्या, एक, दोन, चार आणि आठ तासांनी रक्त घ्यायचे ठरले असेल, तर शीर सापडो वा न सापडो, वेळ चुकवून चालत नाही. नमुना सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवून वेगळा झालेला प्लाझ्मा (रक्तातील पातळ द्रव) उणे ७० अंशांच्या फ्रीझरमध्ये जाईपर्यंत मी जेवणाचा डबा उघडत नाही. गंभीर प्रतिकूल घटना घडली, तर क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांनुसार संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत नियामक (सरकारी औषध यंत्रणा), प्रायोजक (ट्रायल करवून घेणारी कंपनी वा संस्था) आणि एथिक्स कमिटी (रुग्णांचे हित पाहणारी समिती) या तिघांना कळवायचे असते, आणि त्या घटनेचा पहिला फोन बहुधा मलाच येतो. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांच्या मुलीने रात्री साडेअकराला ‘बाबांना जरा सुस्ती आली आहे’ एवढेच सांगितले. मी ताप मोजायला लावला, तो १०१ निघाला. केमोनंतर दहाव्या दिवशी आलेल्या तापाचा अर्थ मला वॉर्डानेच शिकवला होता. त्याच रात्री भरती केले, तेव्हा त्यांच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्याही खाली होत्या.

रात्रपाळी
ते वाक्य माझे होते. ‘कष्ट टाळून’ हे शब्द मी मागे घेते, बाकीचे नाही. तुमचा आठ तासांचा नमुना कोण घेते? चाळीस रुग्णांमागे आम्ही दोघी असताना, फाइलला एक कागद टाचून तुमच्या सिस्टर पाच वाजता निघून जातात. एकदा शेजारच्या खाटेवरील रुग्ण अत्यवस्थ झाल्यामुळे मला वीस मिनिटे उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने ‘डेव्हिएशन’, म्हणजे ठरलेली पद्धत मोडल्याची नोंद, लिहिले गेले. ती पद्धत लिहिलेला प्रोटोकॉल मला कोणी कधी दाखवलाही नव्हता.

बीफार्म_कोऑर्डिनेटर
बऱ्याच रुग्णालयांत हे काम परिचारिकेकडे नसून एजन्सीच्या कंत्राटावर नेमलेल्या आमच्यासारख्यांकडे असते, आणि ट्रायल संपली की करारही संपतो. रक्त मी काढत नाही हे खरे. परंतु ट्रायलमध्ये येण्यापूर्वी रुग्णाने सही करायचे संमतीपत्र समजावून सांगणे मला कोणत्याही सिस्टरइतकेच येते.

कर्करोग_सिस्टर
ते पत्र कोणाला समजते, हाच तर प्रश्न आहे. ‘आपली यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती करण्यात येईल’ हे वाक्य वाचून दाखवल्यावर एका मावशींनी मला विचारले, ‘म्हणजे मला आता कुठल्या गावाला जावे लागेल?’ तेव्हापासून मी ‘कोणते औषध मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, ते डॉक्टरांच्याही हातात नसते’ असे सांगते.

अनुवादक
त्या मराठीचा दोष आमच्या माथी मारू नका. आमचा मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून मुळाशी ताडून पाहिला जातो. मी एकदा ‘चिठ्ठी’ लिहिले, तर ते ‘लॉटरी’ होऊन परत आले आणि मला खुलासा लिहावा लागला. ‘यादृच्छिक’ लिहिले की कोणी काही विचारत नाही.

बीफार्म_कोऑर्डिनेटर
एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या मजकुरापलीकडे स्वतःची उपमा जोडणे धोक्याचे आहे. चिठ्ठीमुळे रुग्णाला बक्षिसाची आशा वाटली, तर जबाबदार कोण?

एका_रुग्णाचा_मुलगा
तुमचे हे शब्दांचे भांडण वाचून संताप होतो. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने अंगठा दिला, आणि निःपक्षपाती साक्षीदार म्हणून सही केली त्याच विभागातील कर्मचाऱ्याने. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येते, तरीही नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. उलट्या होत असतानाही ती जात राहिली, कारण ‘सही केली आहे ना’ असे ती म्हणायची.

बीफार्म_कोऑर्डिनेटर
तसा साक्षीदार नियमात बसत नाही, तो ट्रायलशी संबंध नसलेलाच हवा. तुमच्या आईच्या बाबतीत झाले ते चूकच होते. मंजूर मजकूर पूर्ण वाचावा, असे मी अजूनही म्हणेन. पण वाचल्यानंतर ‘तुम्हाला काय समजले ते मला सांगा’ असे आम्ही क्वचितच विचारतो, हे मात्र मला नाकारता येत नाही.

कर्करोग_सिस्टर
मी दर भेटीला ‘अजून यायची इच्छा आहे ना’ असे विचारते आणि उत्तर सोर्स नोट्समध्ये, म्हणजे रुग्णाच्या मूळ नोंदींत, लिहिते. तुमच्या आईंना ते कोणी विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रात्रपाळी
माझा प्रश्न मात्र तसाच राहिला.

कर्करोग_सिस्टर
राहिला, आणि त्यावर माझ्याकडे बचाव नाही. रात्रीचे नमुने तुमच्यावर टाकून आम्ही घरी जातो, त्यांत मीही आहे. पुढच्या ट्रायलच्या आधी रात्रपाळीच्या सिस्टरांनाही प्रशिक्षण द्यावे, असे मी आमच्या डॉक्टरांना लेखी कळवते.

रात्रपाळी
कळवा. परंतु डेलिगेशन लॉगवर, म्हणजे ट्रायलचे कोणते काम कोणाकडे सोपवले त्या यादीवर, माझे नाव आणि सही आल्याशिवाय यापुढे मी त्या नळीला हात लावणार नाही.