पूलचं पाणी हिरवं आणि गढूळ झालंय, क्लोरीन टाकूनही फरक नाही, कोणी सांगेल का?

मखमलाबादकर
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे मळ्यात आमचा बंगला आहे, मागच्या बाजूला छोटा पूल, २४ बाय १२ फूट, एका टोकाला साडेतीन फूट खोल आणि दुसऱ्या टोकाला पाच. पाणी बोअरचं, सँड फिल्टर आहे, पंप पाऊण एचपीचा. घरच्या लग्नासाठी सगळे बाहेरगावी होतो, मागे मोटर ट्रिप होऊन पंप बंदच राहिला आणि आलो तर पाणी असं हिरवं की दुसरी पायरी दिसेना. भिंतीवर हात फिरवला की बुळबुळीत लागतं. फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत) क्लोरीनच्या मोठ्या वड्या आहेत, त्या आम्ही वर्ष दीड वर्ष सलग वापरतोय, शिवाय दुकानातून दाणेदार क्लोरीन आणून टाकलं, सकाळी जरा फिकट वाटतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जैसे थे. किटमध्ये पिवळा रंग येतो म्हणजे क्लोरीन आहे ना? मग शेवाळ मरत का नाही? मेंटेनन्सवाला म्हणतो सगळं पाणी सोडून द्या, पूल घासून धुवा आणि नवीन भरा. आता मे महिन्यात बोअर जेमतेम चालतंय, एवढं पाणी आणायचं कुठून. मुलांना सुट्ट्या लागल्यात, भाचे यायचेत, रोज विचारतात मामा पूल कधी. काही उपाय?

बागायतदार_गिरणारे
दादा एवढं काय त्यात. तुरटी फिरवा आणि थोडं मोरचूद टाका, दोन दिवसात शेवाळ खलास. आमच्या शेततळ्यात तेच करतो. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या) फवारणीसाठी मोरचूद घरात पडलेलंच असतं.

पंपरूम
बागायतदार भाऊ, शेततळ्याचं आणि पोहायच्या पूलचं गणित वेगळं आहे. मोरचूद म्हणजे तांबं, शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यातून उडून जात नाही, तिथंच साचत राहतं. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) जास्त असला की ते टाईल्सवर आणि पायऱ्यांवर निळसर-काळे डाग धरतं, आणि ज्यांचे केस पांढरे किंवा रंगवून हलके केलेत त्यांच्या केसांना हिरवी झाक येते. नंतर काढायचं म्हटलं तर पाणी बदलण्याशिवाय सोपा मार्ग नाही. तुरटीचं काम आहे, पण ते शेवटी. जिवंत शेवाळावर तुरटी टाकून खाली बसवलं तरी उरलेलं पुन्हा वाढतंच.

मखमलाबादकर, आमचं कामच हे आहे, त्र्यंबक रोडच्या रिसॉर्टचे पूल बघतो, म्हणून जरा लांबड लावतो.

आधी पाणी किती ते काढू. सरासरी खोली सव्वाचार फूट, २४ गुणिले १२ गुणिले सव्वाचार म्हणजे १२२४ घनफूट, एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे तुमचं पाणी ३५ हजार लिटरच्या आत-बाहेर. हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवा, औषधाचा सगळा हिशोब यावर चालतो आणि निम्मे लोक इथंच अंदाजपंचे करतात.

आता तुमचा खरा प्रश्न, क्लोरीन आहे तर मरत का नाही. दोन गोष्टी. एक, पिवळा होणारा किट एकूण क्लोरीन दाखवतो, त्यात कामाचं क्लोरीन आणि घाम-कचऱ्याला चिकटून बसलेलं निकामी क्लोरीन दोन्ही आलं. गुलाबी होणारा डीपीडी किट घ्या, त्यात मोकळं क्लोरीन वेगळं कळतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या वड्या टीसीसीएच्या असणार. त्यात क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड येतं, त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं म्हणून थोडं हवंच, ३० ते ५० पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम). पण क्लोरीन खर्च होतं आणि हे मागे राहतं, उडत नाही, फिल्टरला अडकत नाही. २०० ग्रॅमची एक वडी तुमच्या ३५ हजार लिटरमध्ये साधारण ३ पीपीएमची भर घालते. आठवड्याला एकच वडी धरली तरी वर्षाला दीडशेच्या वर जातं, बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना) आणि पावसाळ्यात ओव्हरफ्लोने जे जाईल तेवढंच कमी. शंभरच्या वर गेलं की क्लोरीनचे हात बांधल्यासारखं होतं, किटमध्ये दिसतं पण शेवाळाला आवरत नाही. म्हणून तुमच्याकडे सकाळी फिकट आणि संध्याकाळी परत हिरवं. आता दाण्यांवर पैसे घालवू नका, पीएच आणि सायन्युरिक मोजून इथं टाका.

गोदाकाठची
पंपरूम दादांनी छान सांगितलंय, मी फक्त एक सांगते कारण हे कोणी सांगत नाही. वड्या आणि दाणेदार क्लोरीन दोन्ही घरात आहेत ना, ते एकाच डब्यात, एकाच मापाने, एकाच फ्लोटरमध्ये कधीही करू नका. टीसीसीए (वड्या) आणि कॅल्शियम हायपोक्लोराईट (दाणे) एकत्र आले आणि थोडी ओल लागली की भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. ॲसिडचा कॅन पण त्यांच्यापासून लांब. आणि औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. आणि तळ दिसेपर्यंत भाच्यांना पाण्यात सोडू नका, कितीही हट्ट केला तरी. जंतूंचं तर आहेच, पण गढूळ पाण्यात पोरगं खाली गेलं तर काठावरच्या माणसाला दिसत नाही. आणि साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात ते वेगळंच, शेजारी आधीच ओरडत असतील 😄

मखमलाबादकर
ताई धन्यवाद, दोन्ही एकाच कपाटात होते, आजच वेगळे केले. पंपरूम साहेब, सायन्युरिकचा किट मागवला. त्यात पाणी आणि औषध मिसळलं की पांढुरकं होतं, मग काळा ठिपका असलेल्या नळीत ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. आमचा ठिपका नळी निम्मीही भरायच्या आत गायब, शंभरच्या खुणेच्याही खाली (या नळीत खाली जावं तसा आकडा वाढतो). निम्मं पूलचं आणि निम्मं साधं पाणी घेऊन परत केलं तर ६० च्या आसपास आलं, म्हणजे १२० धरू का? पीएच ८.२ आहे. मोकळं क्लोरीन जवळजवळ शून्य, गुलाबी रंगाचा पत्ताच नाही.

पंपरूम
पातळ करून मोजलंत हे बेस्ट केलं, १२० च धरा. मला वाटलंच होतं.

पूर्ण पाणी सोडू नका. एक तर पाणी महाग, दुसरं म्हणजे रिकामा पूल जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने वर उचलला जातो किंवा तडकतो, फायबरचा असेल तर जास्तच. मे महिन्यात भीती कमी, पण पावसाळ्यात हा उद्योग कोणी करू नये. निम्मं काढा, निम्मं भरा, सायन्युरिक ६० वर येईल. म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर, बोअरने थोडं थोडं भरलं तर एकच. आत्ता क्लोरीन शून्य आहे तोवर काढलेलं पाणी लॉनला आणि कुंपणाच्या झाडांना सोडा, शॉक मारल्यावर (एकदम भरपूर क्लोरीन टाकल्यावर) नाही. द्राक्षाला मात्र नको, उगाच प्रयोग कशाला.

मग आधी पीएच ७.२ वर आणा. ८ च्या वर गेला की क्लोरीनचा मारणारा भाग पाव हिस्सासुद्धा राहत नाही, साडेसातला निम्म्याच्या आसपास असतो. हार्डवेअरमध्ये मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड, बादलीत आधी पाणी मग ॲसिड, अर्धा अर्धा लिटर करत, पंप चालू ठेवून खोल बाजूला टाका आणि दोन-तीन तासांनी मोजा. हे शॉकच्या आधीच करायचं, कारण क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की पीएचचा किट खोटा आकडा दाखवतो.

क्लोरीन आता वड्या नको आणि दाणेही नको. बोअरचं पाणी जड आहे, दाण्यांतलं कॅल्शियम त्यात भर घालून पाणी अजून पांढुरकं करेल. ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको, तळाला चुन्याचा गाळ बसतो. लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराईट) घ्या, १० टक्क्यांचं. किती, तर सायन्युरिकच्या ४० टक्के, म्हणजे ६० ला २४ पीपीएम. तुमच्या पाण्याला ते साडेआठ लिटरच्या आसपास होतं. सूर्य मावळल्यावर टाका, उन्हात निम्मं फुकट जातं. पण एकदा टाकून काम होत नाही, लोक इथंच चुकतात. शेवाळ क्लोरीन खात राहतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ मोजून परत २४ वर आणत राहायचं. डीपीडीला जास्त क्लोरीन झालं की गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि शून्य वाटतं, अशा वेळी नमुना साध्या पाण्यात पातळ करून मोजा. पंप २४ तास चालू, रोज भिंती, पायऱ्यांच्या खाचा आणि शिडीच्या मागची बाजू ब्रशने घासा, शेवाळ तिथंच लपतं.

कधी थांबायचं, तर रात्री ऊन गेल्यावर मोजा आणि पहाटे उन्हाआधी परत मोजा. रात्रभरात १ पीपीएमपेक्षा कमी घट म्हणजे खाणारं कोणी उरलं नाही.

बागायतदार_गिरणारे
बाप रे, हे तर द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या फवारणीसारखं वेळापत्रक झालं. आमच्या बागेतून फवारा वाऱ्यावर त्यांच्याकडे जातो, त्याने पण हिरवं होतं का हो? खतात फॉस्फरस असतो ना.

पंपरूम
खत पडलं तर शेवाळाला खाऊ मिळतो हे खरं, पण क्लोरीन नीट असेल तर खाऊ असून उपयोग नाही, ते वाढायच्या आधीच मरतं. बागेला दोष देऊ नका 🙂

मखमलाबादकर
अपडेट देतो. निम्मं पाणी बदललं, पीएच आणला, हायपो चालू आहे. हिरवा रंग गेला!! रात्रीची घट पण अर्ध्या पीपीएमच्या आत आली. पण आता पाणी दुधासारखं पांढुरकं आहे, तळाची जाळी अंधुक दिसते बस. फिल्टर चालूच आहे, त्याचा प्रेशर गेज हलत नाही.

पंपरूम
बरोबर चाललंय. हे मेलेलं शेवाळ आहे, इतकं बारीक की तरंगत राहतं. इथून पुढे काम औषधाचं नाही, फिल्टरचं आहे, त्यामुळे अजून क्लोरीन ओतू नका.

गेज हलत नाही हे मला खटकलं. एवढा कचरा पकडला तर प्रेशर वाढायलाच हवं. पंप बंद केल्यावर काटा शून्यावर येतो का बघा, नाही आला तर गेज अडकलाय, बदला. गेज ठीक असेल तर पंप बंद ठेवून फिल्टरचं झाकण उघडा आणि वाळूत हात घाला. वाळूचे गोळे झाले असतील किंवा मध्येच खड्डा-वाट पडली असेल तर पाणी गाळल्याशिवाय तिथूनच पळतंय. पाच-सात वर्षांची वाळू असेल तर बदलाच, आणि फिल्टरची सिलिका वाळू, बांधकामाची नदीची वाळू नाही, ती भरून गेलेले महाभाग पाहिलेत मी. पुढे नेहमीसाठी, स्वच्छ प्रेशरपेक्षा ८-१० पीएसआय वाढलं की बॅकवॉश, काचेतलं पाणी नितळ दिसेपर्यंत, मग थोडं रिन्स आणि मगच फिल्टरवर. व्हॉल्व्हचं हँडल पंप चालू असताना कधीच फिरवायचं नाही, आतली रबर गॅस्केट जाते.

मखमलाबादकर
वाळूत गोळे निघाले, कडक, लिंबाएवढे. वाळू बदलून घेतली. पाणी बरंच सुधारलं पण खोल बाजूला अजून धुकं आहे आणि भाचे परवा येतायत. तुरटी आता चालेल का?

पंपरूम
आता चालेल. क्लोरीन खाली येऊ द्या, पीएच ७.२ ते ७.६ च्या मध्ये ठेवा, तुरटीने तो अजून खाली जातो म्हणून नंतर परत मोजा. हजार लिटरला साधारण ५० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलो, तुरटीची पूड बादलीत विरघळवून सगळीकडे फिरवा. व्हॉल्व्ह रीसर्क्युलेटवर ठेवून तासभर फिरू द्या, म्हणजे वाळूत जाणार नाही, मग पंप बंद आणि रात्रभर कोणी पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी तळाला पांढरट-करडा गालिचा बसलेला दिसेल. तो व्हॅक्यूम करायचा आणि व्हॉल्व्ह वेस्टवर (पाणी थेट बाहेर), फिल्टरवर नाही, नाहीतर नव्या वाळूची वाट लागेल. व्हॅक्यूम हळू, झाडू मारल्यासारखा ओढला की सगळं परत वर उठतं. वेस्टवर पाणी भराभर उतरतं म्हणून आदल्या दिवशी पातळी काठोकाठ करून ठेवा, स्किमर (वरचं पाणी ओढणारं भिंतीतलं तोंड) हवा ओढायला लागला तर थांबा.

नंतर रोजचं साधं आहे, सायन्युरिक ६० ला मोकळं क्लोरीन साडेचार-पाचच्या खाली जाऊ द्यायचं नाही. १ पीपीएम म्हणजे तुमच्याकडे ३५० मिली हायपो, या उन्हात रोज दोन-तीन पीपीएम उडतं. कॅन एकदम पाच-सहा घेऊ नका, उन्हाळ्यात हायपोची ताकद पडून पडून कमी होते. आणून सावलीत ठेवा. मुलांना सोडायच्या आधी क्लोरीन मोजाच, पाच-सहाच्या आसपास यायला हवं.

बागायतदार_गिरणारे
हायपो उरलं तर मला द्या, ड्रिपमध्ये चिकट बुळा होतो त्याला चालतं ना?

पंपरूम
चालतं, ड्रिपला क्लोरीन ट्रीटमेंट करतातच. पण ज्या दिवशी लॅटरलला (ड्रिपच्या नळ्यांना) ॲसिड सोडता त्या दिवशी नाही, आणि ॲसिडच्या टाकीत तर कधीच नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. लाईन साध्या पाण्याने नीट धुऊन मगच दुसरं सोडा.