मदत हवी आहे : तेझुकांच्या चौकटींत चित्रपट कसा ओळखावा?

जपानी मांगाकार (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) ओसामु तेझुका यांच्या चित्रपटवेडाचा त्यांच्या चौकटींवर कोणता परिणाम झाला, याविषयी मी लेख लिहीत आहे. लहानपणी घरच्या प्रोजेक्टरवर पाहिलेले चित्रपट आणि डिस्नेविषयीची त्यांची ओढ हे सर्वज्ञात आहे, त्यामुळे चरित्र नको. मला पानावरचा पुरावा हवा आहे.

उदाहरणासाठी १९४७ च्या ‘शिन ताकाराजिमा’ या मांगा पुस्तकाची सुरुवात घेतली आहे. मुलाची मोटार बंदराकडे धावत सुटते आणि शब्दांवाचूनही वेग डोळ्यांत भरतो. ही पाने मला अतिशय प्रिय आहेत. अडचण अशी की, या पुस्तकाची कथारचना शिचिमा साकाई यांची होती आणि तेझुकांनी १९८४ मध्ये ते समग्र संग्रहासाठी नव्याने रेखाटले, म्हणून मी त्या आवृत्तीचा आधार टाळून मूळ आवृत्तीचे २००९ चे पुनर्मुद्रणच वापरत आहे. कोन, अंतर आणि चौकटींची रुंदी यांची नोंद केली, तरी त्यातून श्रेय कोणाचे हे ठरत नाही. मला जपानी वाचता येत नाही. इंग्रजी किंवा मराठी साहित्य चालेल.

तेव्हा तेझुकांची चित्रपटीय दृष्टी साकाईंच्या वाट्यापासून वेगळी काढण्यासाठी त्यांच्या त्याच काळातील, एकट्याने केलेल्या कोणत्या मांगाशी ही पाने ताडून पाहावीत?