इंग्रजीतला स्वल्पविराम: श्वासाने द्यायचा की व्याकरणाने?

वाक्यविचार (धागालेखक):
"वाचताना जिथे थांबावेसे वाटते तिथे स्वल्पविराम द्या," असे इंग्रजीच्या तासाला सांगण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला हा सल्ला फसवतो असे माझे मत आहे, कारण तो थांबतो मराठीच्या ठेक्यावर आणि इंग्रजीतला स्वल्पविराम मुख्यतः वाक्याच्या रचनेवर ठरतो. "तो म्हणाला की, मी कामात आहे" असे आपण सर्रास लिहितो. तीच सवय "ही सेड दॅट, ही वॉज बिझी" या वाक्यात उतरते आणि तिथे 'दॅट'नंतरचा स्वल्पविराम चूक ठरतो. दुसरी खोड याहून चिवट आहे. "पाऊस थांबला, आम्ही निघालो" हे मराठीत डौलदार वाटते, पण "द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट" असे लिहिले की परीक्षक खाली लाल रेघ ओढतो. दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे औपचारिक इंग्रजीला मान्य नाही, तिथे 'अँड' किंवा 'सो' तरी हवे, नाहीतर अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. म्हणून नियमांचे अख्खे पुस्तक घोकून घेण्याऐवजी या दोन भाषांची वाट जिथे वेगळी होते तेवढ्याच जागा नेमकेपणाने शिकवाव्यात.

जुनी वही:
असहमत. ज्या नियमांवर खुद्द इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे एकमत नाही, ते आपण मुलांच्या माथी का मारावेत? तीन वस्तूंच्या यादीत 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यावा, असा ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाचा आग्रह असतो, तर असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था साध्या यादीत तो देत नाही. मुलांना भरपूर वाचायला द्या, चिन्हे आपसूक हाताखाली येतील.

कलमकसाई:
आपसूक येतील या भरवशावर करारमदार लिहिता येत नाहीत. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात ज्या कामांना जादा वेळेचा वाढीव मोबदला लागू नाही त्यांची यादी होती आणि तिच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असे शब्द होते. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वगळलेले काम म्हणजे पाठवणी किंवा वितरण यांसाठी माल बांधणे, की वितरण हे त्यातले स्वतंत्र काम, असा प्रश्न उभा राहिला. ओकहर्स्ट डेअरीचे चालक माल पोहोचवत, बांधत नसत. 2017 साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

जुनी वही:
हा दाखला तुमच्यावरच उलटतो. मेनच्या कायदेलेखन पुस्तिकेत यादीतला तो शेवटचा स्वल्पविराम देऊ नये असेच सांगितले होते. मसुदा लिहिणाऱ्याने नियम पाळला आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

कलमकसाई:
त्याच पुस्तिकेत संदिग्धतेबद्दल सावधगिरीची सूचनाही होती, ती सोयीस्करपणे विसरू नका. शिवाय पुढे विधिमंडळाने त्या यादीत अर्धविराम घालून ती दुरुस्त केली, म्हणजे उपाय विरामचिन्हांतच सापडला.

फळा आणि खडू:
मी शिकवतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती. मराठीत ती रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे मराठीने ही चिन्हे इंग्रजीकडूनच घेतली आणि नंतर स्वतःच्या लयीने वापरली, त्यामुळे मुलांच्या सवयींना निव्वळ चूक म्हणणे मला पटत नाही. मात्र आवाज अगदीच कुचकामी आहे, हेही मला मान्य नाही. "माय ब्रदर, हू लिव्ज इन नागपूर, इज अ डॉक्टर" यात बोलणाऱ्याला एकच भाऊ आहे आणि नागपूर ही जादा माहिती आहे. दोन्ही स्वल्पविराम काढले तर भाऊ अनेक असून त्यांतला नागपूरचा डॉक्टर आहे, असा अर्थ होतो. ही दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचून दाखवली की मुलांना फरक ऐकू येतो, आणि उपवाक्यांची नावे फळ्यावर लिहिली की निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो.

वाक्यविचार:
आपण वाचून दाखवता म्हणून त्यांना फरक ऐकू येतो, कारण कुठे थांबायचे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. परीक्षेत वाचून दाखवणारे कोणी नसते. तिथे "नागपूरचा उल्लेख काढला, तरी कोणता भाऊ हे कळते का?" असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय उपयोगी पडते. कळत असेल तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, नसेल तर एकही नाही. यासाठी उपवाक्याचे नावही ठाऊक असावे लागत नाही.

जुनी वही:
ही कसोटी मला मान्य आहे, पण तिला नियम म्हणू नका. आणि 'दॅट'नंतरच्या स्वल्पविरामावरून आठवीतल्या मुलाचे गुण कापण्याला माझा विरोध कायम आहे.