आजोबांना विरोध एवढंच नाही

बाराव्या शतकातल्या फ्रान्समधले ज्यू धर्मपंडित राब्बी याकोब बेन मेइर, म्हणजे रब्बेनू ताम, यांची ओळख बऱ्याचदा एवढीच सांगितली जाते की तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या आजोबा राशींना विरोध करणारा नातू. विरोध केला हे खरंच, तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हातावर आणि कपाळावर बांधायच्या चामडी पेट्या, त्यांतल्या धर्मवचनांच्या चार चिठ्ठ्यांच्या क्रमावरून दोघांचा जो मतभेद झाला त्यामुळे आजही काही धार्मिक ज्यू दोन्ही जोड घालतात. पण त्यांच्या 'सेफर हायाशार' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा विषय कुणी काढत नाही आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. तेव्हा तालमूदच्या हस्तलिखितांत पाठ अडला की लोक सरळ खोडून आपल्याला पटेल ते लिहायचे, आपल्याकडे पोथीवर हरताळ लावायचे ना तसंच. रब्बेनू ताम त्यावर कळकळीने लिहितात की राशींनी दुरुस्त्या सुचवल्या त्या आपल्या टीकाग्रंथात, मूळ पोथीत हात घातला नाही, तो शिष्यांनी घातला. आणि सख्खा मोठा भाऊ शमुएल, त्यालाही सोडत नाहीत, राशींनी एक पाठ बदलला तर याने वीस बदलले आणि वर पुस्तकातलं खोडलंही, असं स्पष्ट म्हणतात. म्हणजे जिथे पोथी जपायचा प्रश्न आला तिथे हा नातू आजोबांच्याच बाजूने उभा आहे.

आणि हा माणूस नुसता घरात बसून वाद घालणारा नव्हता हो, 1147 मध्ये दुसऱ्या क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या वेळी फ्रान्समधल्या रामेरू गावी घरात घुसून लोकांनी त्यांच्यासमोर तोराची, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाची गुंडाळी फाडली, डोक्यावर पाच जखमा केल्या, वाटेने जाणाऱ्या एका सरदाराला घोडा कबूल केला म्हणून जीव वाचला. नंतर ते त्रॉय शहरात गेले, 1171 मध्ये वारले.