क्रूझ: समुद्रातला दिवस की बंदरातला? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, लक्झरी क्रूझ करून आलेल्यांसाठी हा धागा. जहाज किती मोठं, कुठली केबिन घ्यावी ही माहिती कुठेही मिळते, ती इथे नको. दिवस कसा गेला ते लिहा. चारी बाजूंना नुसतं पाणी असलेला सी डे कसा घालवलात, आणि सकाळी उतरून संध्याकाळी पाचच्या आत परतायचं असेल तेव्हा त्या गावातलं काय पाहिलंत आणि काय सोडून दिलंत. सुरुवात मीच करते.

माझं मत आधीच सांगून टाकते, क्रूझ घ्यावी ती समुद्रातल्या दिवसांसाठी. बंदरं काय, विमानाने जाऊनही पाहता येतात आणि जास्त निवांत पाहता येतात. आम्ही क्वीन मेरी 2 ने साउथहॅम्प्टनहून न्यूयॉर्कला गेलो, सात रात्री, मधे एकही बंदर नाही. कंटाळा येईल असं ज्याने त्याने सांगून झालं होतं. पण पश्चिमेकडे जाताना दोन शहरांमधला पाच तासांचा फरक एकदम अंगावर येत नाही, रात्री घड्याळ एकेक तास मागे करत तो संपवतात, म्हणजे काही दिवस तुम्हाला चक्क 25 तासांचे मिळतात आणि वरचा तास झोपेत जातो. उतरल्यावर जेटलॅग अजिबात नाही. रोज दुपारी बाराला भोंगा वाजतो आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, सांगतात की आपण कुठे आहोत, वारा किती आहे, खाली पाणी किती खोल आहे. लोक हातातलं पुस्तक मांडीवर ठेवून ते ऐकतात. या जहाजावर कुत्र्यामांजरांना न्यायची सोय आहे, आणि कुत्र्यांच्या फिरायच्या जागेत एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट उभा केलाय, दोन्हीकडच्या कुत्र्यांना आपल्याच गल्लीत असल्यासारखं वाटावं म्हणून! एक दिवस वारा इतका वाढला की बाहेरचा डेक बंद केला, मग लायब्ररीत पुढच्या खिडकीशी खुर्ची घेतली आणि लाटा येताना बघत बसले, जेवायचीही आठवण राहिली नाही. एवढा मोकळा वेळ मला कुठल्याच सुट्टीत मिळालेला नाही.

*

मी बरोब्बर उलट मताचा. सी डे मला एकच पुरे, बाकी बंदरं हवीत, आणि जहाज लहान हवं. लहान जहाज मोठ्यांना जमत नाही तिथे शिरतं, आणि तीन हजार लोक एकदम गावात उतरले की ते गाव गाव राहत नाही.

माझ्या लेखी सगळ्यात भारी सकाळ कोटोरची. माँटेनेग्रो. पहाटे उठून पुढच्या डेकवर जाऊन उभं राहायचंच, झोपून राहिलात तर अर्धी ट्रिप गेली असं समजा. आधी मोठा उपसागर लागतो, मग डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ जवळ येतात आणि व्हेरिगेची सामुद्रधुनी लागते, जेमतेम साडेतीनशे मीटर रुंद, तिथून जहाज इतकं हळू जातं की काठावरच्या घरात खिडकी उघडलेली ऐकू येते. पुढे पेरास्त गावासमोर दोन छोटी बेटं, त्यातलं चर्चवालं बेट माणसांनी बनवलंय, जुनी जहाजं दगड भरून बुडवत बुडवत. अजूनही दरवर्षी 22 जुलैला गावकरी होड्यांमधून जाऊन तिथे दगड टाकतात. आत पोचल्यावर तटबंदीवरून किल्ल्यापर्यंत सुमारे 1,350 पायऱ्या आहेत, त्या उन्हाच्या आधी चढा. वरून आपलंच जहाज खाली दिसतं.

रोमचं पण सांगतो, कारण तिथे फार लोकांचा हिरमोड होतो. जहाज रोमला लागतच नाही, चिविताव्हेक्कियाला लागतं, तिथून ट्रेनने तासभर तरी जातो, म्हणजे हातात उरतात पाच-सहा तास आणि त्यात लोक कलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही कोंबतात आणि दोन रांगा बघून परत येतात. आम्ही रोम सोडूनच दिलं आणि तार्क्विनियाला गेलो, बंदरापासून वीसेक किलोमीटर. तिथे रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांची रंगवलेली थडगी आहेत, 2004 पासून जागतिक वारसा. गवताळ टेकडीवर छोट्या छोट्या झोपड्यांसारखी दारं, आत अंधारा जिना, खाली काच आणि बटण, बटण दाबलं की दिवा लागतो आणि भिंतीवर नाचणारी माणसं, बासरीवाला, मासे, पक्षी, अडीच हजार वर्षांपूर्वीचे रंग. बराच वेळ तिथे आम्हीच होतो. अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात चांगली निवड होती ती.

*

व्हेनिसबद्दल एक, बुकिंग करणाऱ्यांसाठी. सान मार्को चौकासमोरून जहाज जाण्याचे फोटो अजून फिरतात, पण 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांवरच्या जहाजांना तो मार्ग बंद आहे. बरीच जहाजं आता मार्गेरा, नाहीतर त्रिएस्ते किंवा रावेन्नाला लागतात. बंदराचं नाव नीट वाचा, तिथून शहरात जायचा वेळ धरा. बंदी योग्यच आहे असं माझं मत आहे, त्या शहराचा पाया आधीच नाजूक.

*

मला दोन्ही नाही, तिसराच दिवस आवडला! पनामा कालवा. ना बंदर ना समुद्र. सकाळी अटलांटिकच्या बाजूने आत शिरलो, गातूनच्या तीन लॉकनी, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या बंद हौदांच्या तीन पायऱ्यांनी, जहाज उचललं गेलं, समुद्रसपाटीपासून 26 मीटर वर, मग अख्खी दुपार गोड्या पाण्याच्या तलावातून, दोन्हीकडे जंगल, आणि संध्याकाळी पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेसच्या पायऱ्या उतरून पॅसिफिकमध्ये. 80 किलोमीटरचा रस्ता, दिवस त्यातच जातो.

आमचं जहाज जुन्या लॉकमधून गेलं. ते 33.5 मीटर रुंद आहेत, त्यामुळे खालच्या डेकच्या रेलिंगवरून हात लांब केला तर भिंतीला लागेल की काय असं वाटतं, ओलं काँक्रीट, त्यावर शेवाळं, जुन्या जहाजांच्या घासल्याच्या खुणा. 1914 साली उघडलेला कालवा, भिंती त्याच. दोन्ही काठांवर रुळांवरून विजेची इंजिनं चालतात, त्यांना म्यूल म्हणतात, ती दोर ताणून जहाज मधोमध धरून ठेवतात, ओढायचं काम जहाजाचं जहाजच करतं. आणि पहिला दोर आणायला कोण येतं तर वल्ह्याच्या होडीतून दोन माणसं! एवढी मोठी यंत्रणा आणि सुरुवात दोन वल्ह्यांनी. पंप एकही नाही, पाणी तलावातून उताराने येतं. एका जहाजामागे सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, म्हणून पाऊस कमी झाला की जहाजांची संख्या कमी करावी लागते, 2023 मध्ये तसंच झालं होतं. माझे वडील इंजिनियर, ते त्या दिवशी जेवायला खाली आलेच नाहीत, त्यांचं ताट वर नेऊन दिलं.

*

सी डे वाल्या ताईंना पूर्ण अनुमोदन. एक भर घालते, बंदराच्या दिवशी जहाजावरच थांबून बघा. सगळे उतरलेले असतात, पूल रिकामा, स्पामध्ये वेळ लगेच मिळतो, आणि कर्मचारी जरा निवांत असल्यामुळे छान गप्पा होतात. फक्त कसिनो आणि दुकानं बंद असतात, बंदरात असताना तिथल्या देशाचे कायदे आणि कर लागतात म्हणून.

*

निवांत नसतात हो ते :) मी क्रूझ जहाजावर नोकरी केलीये, हॉटेल विभागात, म्हणून दुसरी बाजू लिहितो. प्रवासी उतरले की सामान चढतं, भाज्या, फळं, लिनन, सगळं तीन-चार तासांत आत घेऊन शीतगृहात लावायचं असतं. आणि ड्रिल बहुतेक तेव्हाच असतात, प्रवासी जहाजावर दर आठवड्याला आगीचं आणि जहाज सोडायचं असं दोन्ही ड्रिल क्रूला करावंच लागतं. तुम्ही वर आरामखुर्चीत असताना खाली आम्ही होज पाइप घेऊन धावत असतो. मग उरलेल्या दोन तासांत बंदराबाहेरच्या पहिल्या फुकट वायफायवाल्या कॅफेत जाऊन घरी व्हिडिओ कॉल. किती सुंदर बंदरं मी अशीच पाहिली, मुलीच्या चेहऱ्यामागे. त्याची खंत नाही, ती दोन तासांची भेट मला कुठल्याही किल्ल्यापेक्षा मोठी होती.

करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो, त्या काळात आठवड्याची सुट्टी नसते. 2013 पासून सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार (MLC) लागू आहे, 24 तासांत किमान 10 तास विश्रांती द्यावीच लागते, त्याने फरक पडला. तुमच्या केबिनवाल्याचं नाव लक्षात ठेवा आणि शेवटी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहा. त्या फॉर्मवर पुढचा करार, बढती अवलंबून असते. टिप द्याच, पण नाव लिहायला विसरू नका.

आणि मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची प्रवाशांची तालीम, गांभीर्याने घ्या ही हात जोडून विनंती. सात छोटे आणि एक लांब भोंगा, हा आवाज ओळखता आला पाहिजे. 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीजवळ आडवं झालं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचं बाकी होतं, 32 माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या ते करावंच लागतं. आपली जागा कुठली आहे तिथे एकदा चालत जाऊन या, लिफ्टने नाही, जिन्याने.

*

वरचं वाचून बरं वाटलं, धन्यवाद दादा. आम्ही अंटार्क्टिकाला गेलो होतो, जहाज लक्झरीवालं, बटलर वगैरे सगळं, पण तिकडे हे सगळं बाजूला पडतं. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वाइयाहून निघालं की ड्रेक पॅसेज, म्हणजे अंटार्क्टिकापर्यंतचा खुला समुद्र, साधारण दोन दिवस. त्या दोन दिवसांत काम असतं हे कुणी सांगत नाही. सगळ्यांच्या जॅकेटचे खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने साफ करून घेतात, चिमटा घेऊन एकेक गवताचं बी काढतात, कारण बाहेरचं एक बीसुद्धा तिथे जायला नको. माझ्या बॅगच्या पट्टीतून कुसळं निघाली, कुठल्या ट्रेकची होती देव जाणे. किनाऱ्यावर जाताना-येताना बूट जंतुनाशकात बुडवायचे.

500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे कुणाला उतरवता येत नाही, आणि एका जागी एका वेळी 100 च माणसं. म्हणून लहान जहाज घ्या, नाहीतर लांबूनच बघून याल. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, पण पेंग्विनला तो नियम नसतो, ते सरळ चालत येतात आणि बुटाची लेस ओढतात. मला सर्वात लक्षात राहिलाय तो आवाज. रबरी बोटीचं इंजिन बंद केलं की पाण्यातले बर्फाचे तुकडे तडतडतात, जुनी अडकलेली हवा फुटून बाहेर येते. गाइडने सगळ्यांना गप्प बसवलं आणि आम्ही नुसतं ते ऐकत बसलो. बंदर नाही, शहर नाही, आणि बर्फ कुठे आहे बघून कॅप्टन सकाळी ठरवेल तोच कार्यक्रम. ज्यांना वेळापत्रक लागतं त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

*

बोट लागण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. गोळी डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. मळमळायला लागलं की केबिनमध्ये पडून राहू नका, उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. माझ्या बायकोला दोन दिवस यानेच तारलं.

*

आई व्हीलचेअरवर असते, तिला घेऊन ग्रीसला गेलो. इथे कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते. बंदरं दोन प्रकारची. एक जिथे जहाज धक्क्याला लागतं आणि रॅम्पने सरळ उतरता येतं. दुसरी जिथे जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटीने जायचं. टेंडर हलत असते, मधे फट असते, तिथे बऱ्याच जहाजांवर व्हीलचेअर नेऊ देत नाहीत, आणि समुद्र खवळलेला असेल तर कुणालाच नेत नाहीत. सांतोरिनी टेंडरवालं. ज्वालामुखीच्या विवरात पाणी इतकं खोल की नांगर टाकणंही अवघड, खाली जुन्या बंदरात मोठ्या जहाजाला धक्का नाही, आणि उतरल्यावर वर गावात जायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. आईला जमणार नव्हतं हे आम्हाला घरूनच माहीत होतं, म्हणून त्या दिवसासाठी बाल्कनीची केबिन घेतली, कड्याच्या बाजूची. जहाज फिरतं म्हणून दोन्ही बाजू दिसल्या, लाल कडा, काळा कडा, वर पांढऱ्या घरांची ओळ. मी नवऱ्याला आणि मुलांना खाली पाठवलं आणि आईबरोबर थांबले. ती म्हणाली, शाळेत भूगोल शिकवताना ज्वालामुखीचं विवर मी फळ्यावर काढायचे, आत येऊन बसेन असं वाटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती मला थर समजावून सांगत होती, राखेचा कुठला, लाव्ह्याचा कुठला.

बुकिंगच्या आधी प्रत्येक बंदराचं लेखी विचारून घ्या, धक्का की टेंडर. फोनवरचं "हो हो जमेल" धरू नका.

*

वेळेबद्दल. जहाजाची वेळ आणि गावातली वेळ वेगळी असू शकते, फोन आपोआप बदलतो, म्हणून हातावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. परत यायची वेळ बहुतेक निघायच्या अर्धा-एक तास आधीची असते. जहाजाच्याच टूरची बस उशिरा आली तर थांबतात, स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबायचं बंधन नाही. आम्ही डेकवरून एक जोडपं धक्क्यावर पळत येताना पाहिलं, दोर सुटलेले, मधे पाणी वाढत चाललेलं, वरून सगळे ओरडतायत. ते राहिलेच. त्यांचे पासपोर्ट केबिनमधून काढून बंदरातल्या एजंटकडे दिले होते असं नंतर कळलं, म्हणजे पुढच्या बंदरापर्यंत त्यांना आपापलं यावं लागलं. स्वतःहून फिरायचं तर जरूर फिरा, आम्हीही तसेच फिरतो, पण परतायच्या वेळेच्या दोन तास आधी बंदराच्या गावात पोचायचं आणि उरलेला वेळ तिथेच काढायचा.

*

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. टेंडरची माहिती आणि क्रूवाल्या दादांचं मी आमच्या ग्रुपवर पाठवतेय. अजून नॉर्वेच्या फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या अरुंद खाड्यांचं, कुणी लिहिलेलं नाही, गैरांगरला जाऊन आलेलं कुणी असेल तर लिहा ना, मेमध्ये धबधब्यांना पाणी असतं का आणि पहाटे किती वाजता उठून वर जावं लागतं? आमचं पुढचं तेच ठरतंय.